आपला खानदेश कोणाच्या बाजूने होता?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरचे कोणीतरी विद्वान पाहुणे येऊन व्याख्यान देतात. यंदा कार्यकारिणीने ठरविले की आपल्यापैकीच एकीने बोलावे, आणि माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाचा नाद लहानपणापासून आहे. मुलांची इतिहासाची पुस्तके मुलांच्या आधी मीच वाचून काढते, हे माझ्या घरी सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा जे वाचले आणि वाचताना जे मनात आले, तेच आज सांगणार आहे.

माझा विषय असा, की मोठे परके साम्राज्य चालून आले म्हणजे लहान लहान राज्ये एकत्र कशी येतात, आणि एकत्र आली तरी टिकतात का? हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. माझे माहेर नगरकडचे आणि सासर दोंडाईचे. चारशे वर्षांपूर्वी याच दोन मुलखांच्या फौजा एकमेकींसमोर उभ्या होत्या. एका बाजूला माझे माहेर, दुसऱ्या बाजूला माझे सासर. अशा सुनेने कोणाची बाजू घ्यावी, ते तुम्हीच शेवटी सांगा.

त्या काळी दक्षिणेत मुख्यतः चार राज्ये होती. नगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि आपल्या खानदेशातील फारुकी राजांचे राज्य. फारुकींचे पहिले ठाणे आपल्या जवळचेच, तापीकाठचे थाळनेर. पुढे त्यांनी असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसविले आणि तेथून राज्य केले. या राजांना खान म्हणत, म्हणून हा खानदेश, असे पुष्कळजण सांगतात. चारांत आपले राज्य सर्वांत लहान, पण जागा मोक्याची. सातपुडा उतरून दक्षिणेत यायचे म्हणजे असीरगडाखालून यावे लागे. त्यामुळे त्या गडाला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. दरवाजात राहणाऱ्याला वाऱ्याचा पहिला झोत लागतो, एवढे आपण लक्षात ठेवू.

ही राज्ये आपसात सारखी भांडत. नगर आणि विजापूर यांचे सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढ्यान् पिढ्यांचे वैर होते. मात्र एकदा त्यांनी एकी केली. विजयनगरचे राज्य फार प्रबळ झाले, तेव्हा नगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि तो भांडणाचा सोलापूरचा किल्लाच तिच्याबरोबर आंदण दिला. अलीची बहीण हादिया सुलताना नगरच्या राजपुत्राला दिली. अशी साटेलोटे करून सोयरीक झाली, आणि मग १५६५ साली सर्वांनी मिळून तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव केला.

भगिनींनो, येथे जरा थांबावेसे वाटते. पुस्तकात हा प्रसंग एका ओळीत उरकलेला असतो. तह झाला, मुली दिल्या. किल्ल्याची आणि मुलीची नोंद एकाच यादीत. त्या दोघींना कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. पण पुढे काय झाले पाहा. ज्या पुरुषांनी तो तह केला त्यांच्यापैकी कोणाला त्याची आठवण राहिली नाही. लढाई जिंकली आणि नगर-विजापूरचे भांडण पुन्हा सुरू झाले. त्या तहातून टिकणारे काही उरले असेल तर ती चांदबिबी. दोन्ही घरे आपली मानणारी बाई.

१५८० साली तिच्या नवऱ्याचा खून झाला. मूल नव्हते. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला आणि त्याच्या नावाने कारभार चांदबिबीने पाहिला. एका सरदाराने तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. ती सुटली, परत आली, मुलाला वाढविले. पुढे हाच दुसरा इब्राहिम आदिलशहा विजापूरचा मोठा नावाजलेला, गाण्याचा शोकी राजा झाला. भावाच्या घरचा संबंध जुळला तेव्हा नवरीची पाठराखीण म्हणून ती १५८४ च्या सुमारास नगरला परत आली. म्हणजे माहेरी आली, पण माहेर पूर्वीचे राहिले नव्हते.

१५९५ साली नगरचा तरुण राजा लढाईत पडला, आणि ही लढाई कोणाशी? तर विजापूरशीच. मग गादीसाठी चार सरदारांनी चार वारस उभे केले. चांदबिबीने मेलेल्या राजाचे तान्हे मूल बहादूर याची बाजू धरली. तीच खरी वारसाची बाजू होती. पण मियान मंजू नावाच्या सरदाराने आपले पारडे जड व्हावे म्हणून गुजरातेत असलेल्या मोगल शहाजाद्याला, अकबराचा मुलगा मुराद याला, मदतीस या म्हणून पत्र धाडले. घरातले भांडण मिटवायला वाटसरूला बोलावले, आणि वाटसरू वाड्याची मोजणी करूनच आत शिरला! अकबराचा डोळा दक्षिणेवर होताच. १५९१ मध्येच त्याने चारही दरबारांत वकील पाठवून आपले वर्चस्व मान्य करा असे कळविले होते. मुराद निघाला, अबदुर्रहीम खानखानान निघाला, आणि १५९५ च्या डिसेंबरात मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. मियान मंजूला तोवर पश्चात्ताप झाला होता. तो मदत आणतो म्हणून बाहेर पडला, आणि किल्ला राहिला चांदबिबीवर. तेव्हा ती सुमारे पंचेचाळीस वर्षांची होती. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजणींच्या वयाची.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. किल्ल्यात बातमी पोहोचली, आणि आतल्यांनी उलटे खणून दोन सुरुंगांतली दारू काढून टाकली. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच तो उडाला. तटाला मोठे भगदाड पडले, माणसे दगडांखाली गेली, राहिलेली पळू लागली. तेव्हा चांदबिबी बुरखा घेऊन, हातात नागवी तलवार घेऊन त्या भगदाडात येऊन उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून पळणारे परतले. दिवसभर हल्ले झाले आणि दिवसभर परतवले. गोळे संपले तेव्हा तोफांत तांब्याची, मग रुप्याची आणि मग सोन्याची नाणी भरली असे सांगतात. रात्र पडली, पण ती झोपली नाही. जे हाती लागेल त्याने भगदाड बुजवायला लावले, आणि सकाळी मोगल पाहतात तो पुरुषभर उंच भिंत उभी! तेव्हापासून चांदबिबीची चांदसुलताना झाली.

आता माझ्या विषयाचा भाग येतो. वेढा चालू असतानाच तिने विजापूरला आणि गोवळकोंड्याला पत्रे धाडली. विजापूरला तिने वाढविलेला पुतण्या राज्य करीत होता. आदल्या वर्षीच विजापूरकरांच्या लढाईत नगरचा राजा पडला होता, तरी ते सारे बाजूला ठेवून तिने मदत मागितली, आणि इब्राहिमाने दिली. सुहेलखान नावाचा शूर सरदार फौज घेऊन नळदुर्गला आला. गोवळकोंड्याची फौज त्याला मिळाली. हे लष्कर येते आहे आणि आपल्या छावणीत दाणावैरण नाही, असे पाहून मुरादने तह केला. वऱ्हाड मोगलांना मिळाले, नगर राहिले, आणि तान्ह्या बहादूरची गादी मान्य झाली. १५९६ साली वेढा उठला. जी राज्ये आपसात लढून थकत नव्हती ती एका बाईच्या पत्रावरून एकत्र आली, आणि लढाई न करता नुसत्या येण्यानेच त्यांनी किल्ला वाचवला.

परवा कार्यकारिणीच्या बैठकीत मी एवढे सांगून थांबले, तेव्हा आपल्यातल्या एका आजींनी विचारले, “मंग आपला राजा कोनाकडे व्हता, माय?”

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर द्यायला मला जड गेले. आपला राजा मोगलांकडे होता.

त्या वेळी खानदेशच्या गादीवर राजे अलीखान फारुकी होता. मोठा शहाणा राजा. बऱ्हाणपूरची जुम्मा मशीद त्याने बांधली, आणि तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला. तो आजही तेथे आहे. अकबराचा वकील आला तेव्हा चारांपैकी याने एकट्याने मान तुकविली, आणि नगरच्या वेढ्यात तो मुरादच्या छावणीत होता.

त्याला फितूर म्हणणे सोपे आहे. पण मी मघाशी म्हटले ते आठवा. हा दरवाजात राहणारा माणूस. मोगल माळव्यातून निघाले की पहिला मुलूख त्याचा, पहिली पिके त्याची, पहिली गावे त्याची. नगर, विजापूर, गोवळकोंडा त्याच्या पाठीमागे, आणि ते आपसात भांडण्यात गुंतलेले. त्याने दरवाजा अडवून धरला असता तर त्याच्यामागे कोण उभे राहणार होते? असा भरवसा त्याला कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. वेशीवरच्या घराने चोराशी गोड बोलावे लागते, आणि आतल्या गल्लीतले लोक त्याला भित्रा म्हणतात.

तहाने भांडण मिटले नाही. वऱ्हाड कोठवर यावरून पुन्हा तंटा झाला, मोगल पाथरीपर्यंत सरकले, आणि चांदबिबीने पुन्हा पत्रे धाडली. या वेळी नगर, विजापूर आणि गोवळकोंडा तिघांच्या फौजा सुहेलखानाच्या हाताखाली एकत्र झाल्या. फिरिश्ता हा विजापूर दरबारचा इतिहासकार सांगतो की साठ हजार स्वार होते आणि मोगलांकडे वीस हजार. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठजवळ, दोन दिवस लढाई झाली. पहिल्या दिवशी सुहेलखानाच्या तोफांनी मोगलांची दाणादाण केली. त्या माऱ्यासमोर खानदेशची फौज होती. राजे अलीखान हटला नाही. तो तेथेच पडला, आणि त्याच्याबरोबर या तापीखोऱ्यातले शेकडो शिपाई पडले. अंधार झाला. आपण जिंकलो असे समजून दक्षिणेकडच्या सैन्यातले बरेचजण लूट घेऊन पांगले. खानखानान मात्र जागेवर राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा चाल केली. सुहेलखान जखमी होऊन पडला, त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले, आणि जिंकत आलेली लढाई हातची गेली.

त्या रात्रीची एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. राजे अलीखान दिसेना, तेव्हा मोगल छावणीत आवई उठली की तो दक्षिणेकडच्यांना मिळाला. लगेच त्यांनी त्याचाच तळ लुटला. मग रणात त्याचे प्रेत सापडले. ज्यांच्यासाठी जीव दिला त्यांनी एक रात्रही विश्वास ठेवला नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. मुराद १५९९ साली मेला, त्याच्या जागी धाकटा शहाजादा दानियाल आला, आणि १६०० साली स्वतः अकबर बऱ्हाणपुरास येऊन बसला. नगरला पुन्हा वेढा पडला. या वेळी आत एकी नव्हती. सरदार चांदबिबीचे ऐकेनात, बाहेरून कुमक येण्याची आशा नव्हती. तेव्हा तिने विचार केला, की किल्ला देऊन मुलाला आणि माणसांना वाचवावे. चार वर्षांपूर्वी भगदाडात उभी राहणारीच ही बाई होती. लढायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा, हे तिला कळत होते. पण एका सरदाराने ओरड केली की बाई मोगलांना फितूर झाली. जमाव महालात घुसला आणि आपल्याच माणसांनी तिला मारले. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट महिन्यात, किल्ला पडला. तिला मारून कोणी तो वाचवू शकले नाही. लहानग्या बहादूर निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत धाडले.

आणि खानदेश? मोगलांसाठी मेलेल्या राजे अलीखानाच्या मुलाचे नावही बहादूरच होते. त्याने मोगलांपुढे वाकायचे नाकारले आणि तो असीरगडावर जाऊन बसला. अकबराने गड वेढला. बोलणी करायला बहादूरखान खाली आला तो परत वर गेला नाही. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. खानदेशचे राज्य संपले, आणि अकबराने मुलाच्या नावावरून आपल्या मुलखाचे नाव बदलून दानदेश ठेवले. बहादूरखानालाही ग्वाल्हेरलाच नेले. एक बहादूर विरोध करणाऱ्या घरातला, दुसरा साथ देणाऱ्या घरातला, आणि दोघांनाही तुरुंग एकच. साम्राज्याला दोघांत फरक दिसला नाही.

मैत्रिणींनो, असेच एक उदाहरण फार दूर, ग्रीस देशात, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी घडले. तेथे एकेक शहर म्हणजे एकेक राज्य, आणि ती आपल्या दक्षिणेतल्या राज्यांसारखीच भांडकुदळ. इराणचा बादशहा झर्क्सीस अफाट फौज घेऊन निघाला, तेव्हा इसवी सनापूर्वी ४८१ साली त्यांच्यातल्या काही शहरांचे प्रतिनिधी कॉरिंथजवळ बसले. त्यांनी आपसातली चालू भांडणे आधी मिटवली. अथेन्स आणि एजायना ही दोन शहरे त्या वेळी लढत होती, त्यांनी ती लढाई थांबवली. मग पुढारी ठरवला. सर्वांत जास्त गलबते अथेन्सची, पण इतर शहरे अथेन्सच्या हाताखाली जायला तयार नव्हती. तेव्हा अथेन्सने हट्ट धरला नाही आणि आरमाराचेही पुढारपण स्पार्टाला दिले. पुढच्या दोन वर्षांत सालामिसच्या समुद्रावर आणि प्लाटियाच्या मैदानात त्यांनी बादशहाला परतविले. जी शहरे लढली त्यांपैकी एकतीस नावे त्यांनी एका काशाच्या सर्पस्तंभावर कोरली. लहानमोठे सारे एकाच खांबावर. तो खांब मोडक्या स्थितीत आज इस्तंबूल शहरात उभा आहे.

त्यांच्यातही एक खानदेश होता. थीब्ज नावाचे शहर बादशहाला मिळाले, कारण तेही वाटेवरचे होते. आणि त्यांचीही एकी पुढे नासली. अथेन्सने मित्रांची वर्गणी आपल्याच तिजोरीत नेली, आपल्यासाठी वापरली, आणि पन्नास वर्षांच्या आत अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांशी लढू लागली.

हे सारे वाचून मला जे वाटले ते असे. भीतीने माणसे एकत्र येतात, पण नुसत्या भीतीची एकी भीतीबरोबर जाते. ग्रीसमध्ये आधी भांडण मिटवून मग शत्रूकडे तोंड केले. आपल्याकडे शत्रूकडे तोंड केले, पण भांडण पाठीशी तसेच ठेवले. दुसरे असे, की जो दरवाजात उभा आहे त्याला आधी आत घ्यायला हवे. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. राजे अलीखानाला तिघांनी मिळून आधार दिला असता तर सोनपेठला त्याची फौज कोणत्या बाजूला दिसली असती, याचा विचार करा. आणि तिसरे, दोन्ही घरे जोडणारे जे माणूस असते, बहुधा ती एक बाई असते, तिचे शहाणपण संकटात ऐकतात आणि संकट टळले की तिच्यावर संशय घेतात.

पुढे मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली, मराठे सरदार हाताशी धरून गनिमी काव्याने मोगलांना सळो की पळो केले. पण १६३६ साली मोगलांनी निजामशाही बुडविली तेव्हा तिच्या मुलखाचा वाटा कोणी घेतला? विजापूरने. पन्नास वर्षांनी, १६८६ साली, औरंगजेबाने विजापूर घेतले आणि दुसऱ्या वर्षी गोवळकोंडा. मधल्या काळात ही गोष्ट जर कोणाला नीट उमगली असेल तर ती शिवाजी महाराजांना. १६७७ साली त्यांनी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी सख्य केले, ते दक्षिणेचे राज्य दक्षिणेच्याच लोकांच्या हाती राहावे म्हणूनच.

आता आपल्या गावापुरते बोलते. उन्हाळ्यात पाण्याची ओरड होते तेव्हा आपण काय करतो? एका गल्लीच्या बायका सोमवारी कचेरीत जातात, दुसऱ्या मंगळवारी. प्रत्येकीला गोड बोलून परत पाठवितात, आणि एखाद्या गल्लीला टँकर मिळाला की बाकीच्या तिच्याशी अबोला धरतात. मला वाटते, आपल्या मंडळाने यंदा सर्व गल्ल्यांतल्या बायकांची एक बैठक घ्यावी, आधी आपसातले रुसवे काढावे, पाणी कोणाला किती आणि कोणत्या दिवशी ते आपणच ठरवावे, आणि मग एकच अर्ज घेऊन सगळ्यांनी जावे. ज्या गल्लीला आज टँकर मिळतो तिला सर्वांत आधी बोलवावे. तीच आपली दरवाजातली गल्ली आहे.

सुनेने कोणाची बाजू घ्यावी असे मी सुरुवातीला विचारले होते. तुमचे उत्तर चहाच्या वेळी ऐकीन. नगरच्या किल्ल्यातले ते भगदाड आणि सोनपेठच्या रानात पडलेले आपले खानदेशी शिपाई, दोन्ही मला आपलीच वाटतात, एवढे मात्र सांगते. थाळनेरला तापीकाठी फारुकी राजांच्या जुन्या कबरी अजून उभ्या आहेत. पावसाळा सरला की मंडळाने तेथे एक सहल काढावी अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. डबे आपापले आणू, आणि मुलींना बरोबर नेऊ.